दर तिसरी जागा ग्लायसिनची: मद्रासने उलगडलेले कोलॅजन

चेन्नईहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग श्रीपेरुंबुदूरवरून जातो. रामानुजाचार्यांचे हे जन्मगाव आज मोटारी आणि मोबाइल फोन बनवणाऱ्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. त्याच रस्त्याने आणखी पश्चिमेला गेले की राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी हा कातड्याचा मुलूख लागतो. आपल्याकडे माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणाऱ्या तरवडाची साल वापरून या भागात पिढ्यानपिढ्या कातडी कमावली गेली आणि मद्रास बंदरातून जहाजांनी इंग्लंडला पोचली. कच्चे कातडे कुजते, कमावलेले टिकते. सालीतले टॅनिन कातड्यातल्या एका प्रथिनाला घट्ट धरून ठेवते, म्हणून हे घडते. ते प्रथिन म्हणजे कोलॅजन.

जनावराच्या कातड्यात जे कोलॅजन आहे, तेच माणसाच्या त्वचेत, हाडात, सांध्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांत आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांत आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजनचा असतो. या प्रथिनाची घडण मद्रासमध्ये उलगडली. 1954 आणि 1955 या दोन वर्षांत गिंडीच्या विद्यापीठ परिसरात दोन संशोधकांनी ते काम केले. आज एखाद्या बाळाची हाडे का मोडतात हे डॉक्टर जनुकाच्या अहवालावरून सांगतात, तेव्हा ते याच कामाचा आधार घेत असतात. हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो इथे सविस्तर सांगायचा आहे.

कोलॅजन ज्यांना बांधून ठेवते त्या सांध्यांचे कुतूहल भारतीय वैद्यकाला जुनेच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 210 सांधे मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार केले आहेत. गुडघा, कोपर, घोटा यांचा बिजागरीसारखा ‘कोर’ संधी. काख आणि जांघ इथला ‘उलूखल’, म्हणजे उखळासारखा संधी. कवटीच्या हाडांचा, शिवण घातल्यासारखा ‘तुन्नसेवनी’ संधी. आधुनिक शरीररचनाशास्त्र सांध्यांचे तीन मुख्य गट करते. कवटीच्या शिवणींत हाडांमध्ये तंतूंचा पातळ थर असतो आणि हालचाल जवळजवळ नसते. मणक्यांच्या मधे कूर्चेच्या चकत्या असतात, तिथे थोडी हालचाल होते. खांदा, खुबा, कोपर, गुडघा या सांध्यांत हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढलेली असतात, मधल्या पोकळीत वंगणासारखा द्रव असतो आणि भोवती पिशवी व अस्थिबंध असतात. रचना वेगळी असली तरी तिन्ही गटांना बांधून ठेवणारी वस्तू एकच, कोलॅजन. फक्त वाण बदलतो: हाड, कंडरा आणि अस्थिबंधात पहिल्या प्रकारचे, कूर्चेत दुसऱ्या प्रकारचे, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मोठ्या प्रमाणावर तिसऱ्या प्रकारचे. आजवर असे 28 प्रकार माहीत झाले आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र हे प्रथिन दिसते कसे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. इंग्लंडमध्ये लीड्स इथे विल्यम ॲस्टबरी यांनी तंतूंवर क्ष-किरण सोडून त्यांची छायाचित्रे घेतली होती. 1951 साली लायनस पाउलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी अमेरिकेत प्रथिनांच्या रचनांची एक मालिकाच प्रसिद्ध केली. त्यातली अल्फा हेलिक्स ही सर्पिल रचना अचूक ठरली. कोलॅजनसाठी त्यांनी सुचवलेली अमिनो आम्लांच्या तीन साखळ्यांची रचना मात्र क्ष-किरणांच्या छायाचित्रांशी जुळेना.

त्याच सुमारास मद्रासमध्ये काही गोष्टी जुळून येत होत्या. 1948 साली अड्यार इथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली होती. नव्या देशाला आपला चर्मोद्योग शास्त्रीय पायावर उभा करायचा होता आणि त्यासाठी कातड्याचे रसायन समजणे भाग होते. शेजारीच मद्रास विद्यापीठ होते आणि त्याचे कुलगुरू होते डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार. ते स्वतः नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ. 1942 ते 1969 अशी सत्तावीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा नवा विभाग काढायचे ठरल्यावर त्यांनी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना विचारले. रामन यांनी आपल्याऐवजी आपल्या एका विद्यार्थ्याचे नाव सुचवले.

तो विद्यार्थी म्हणजे गोपालसमुद्रम नारायण अय्यर रामचंद्रन. जन्म 8 ऑक्टोबर 1922, एर्नाकुलम. वडील तिथल्या महाराजा कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून पदवी घेऊन रामचंद्रन 1942 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले आणि रामन यांनी त्यांना पदार्थविज्ञानात ओढून घेतले. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दोन वर्षे काढून त्यांनी 1949 साली पीएच.डी. मिळवली आणि ते बंगळूरला परतले. 1952 साली मद्रास विद्यापीठाचे विभागप्रमुख झाले तेव्हा त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती.

स्फटिकांवर क्ष-किरणांचे काम करण्याची तयारी त्यांच्याकडे होती. कोणता प्रश्न हाती घ्यावा हे ठरत नव्हते. त्या सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की कोलॅजनची रचना अजून सुटलेली नाही आणि आजवर मांडलेली कोणतीही रचना समाधान देणारी नाही. रामचंद्रन यांनी तो प्रश्न उचलला. कोलॅजन अभ्यासणारी संस्था हाकेच्या अंतरावर होती, तिची मदत झाली. ज्या नमुन्यांची छायाचित्रे चांगली उठली त्यांत कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे तंतू होते. जोडीला होते गोपीनाथ कर्था हे तरुण संशोधक. अशा कामाला आज संगणक लागतो. तेव्हा हाताशी होते क्ष-किरणांचे यंत्र, गणित आणि हाताने बांधलेले गोळ्या-काड्यांचे नमुने.

त्यांची पहिली पकड रासायनिक पृथक्करणाच्या आकड्यांवर होती. कोलॅजनमधल्या अमिनो आम्लांपैकी जवळजवळ नेमके एक तृतीयांश ग्लायसिन असते. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचाही वाटा मोठा. हा ‘एक तृतीयांश’ योगायोगाचा नसावा, असे दोघांनी धरले. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन येत असेल तर? ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याला बाजूची शाखा म्हणून एक हायड्रोजनचा अणू, एवढेच. तीन साखळ्या एकमेकींना खेटून उभ्या केल्या, तर आत मध्यभागी इतकी अरुंद जागा उरते की तिथे ग्लायसिनशिवाय दुसरे काही मावत नाही. म्हणजे प्रत्येक साखळीचे ग्लायसिन आतल्या बाजूला आणि उरलेली दोन बाहेर. 7 ऑगस्ट 1954 च्या ‘नेचर’मध्ये रामचंद्रन आणि कर्था यांचे हे टिपण छापून आले. केंब्रिजमध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते.

पहिल्या रचनेत एक त्रुटी होती. साखळीच्या एका फेऱ्यात नेमकी तीन अमिनो आम्ले धरली होती. नव्या छायाचित्रांवरून तो आकडा तीनपेक्षा थोडा जास्त, म्हणजे सव्वातीनच्या वर, दहा आम्लांत तीन फेरे असा निघत होता. असे असेल तर ग्लायसिनची रांग सरळ राहत नाही, ती हळूहळू साखळीभोवती फिरत जाते आणि मध्यभाग सोडून बाहेर पडते. यातून सुटायचे कसे? चंद्र पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवतीही फिरतो आणि त्यामुळे त्याची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे राहते. रामचंद्रन यांना उत्तर या चांद्रगतीवरून सुचले, असे सांगितले जाते. प्रत्येक साखळी स्वतःभोवती वळलेली असतानाच तिन्ही साखळ्यांनी एकमेकींभोवतीही वळण घेतले, तर ग्लायसिन कायम आतच राहते. वेणीच्या तीन पेडांसारखी ही रचना 24 सप्टेंबर 1955 च्या ‘नेचर’मध्ये आली. कोलॅजनच्या तिहेरी सर्पिलाचा हा जन्म.

दोनच महिन्यांत केंब्रिजहून उत्तर आले. डीएनएच्या रचनेचे सहसंशोधक फ्रान्सिस क्रिक आणि अमेरिकेहून तिथे आलेले अलेक्झांडर रिच यांनी नोव्हेंबर 1955 मध्ये आपली रचना मांडली. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या गटानेही त्याच वर्षी त्याच दिशेने पाऊल टाकले. तीन साखळ्यांचे एकत्र वळण ही मद्रासची कल्पना त्यांनी मान्य केली, तपशील मात्र नाकारला. मद्रासच्या रचनेत दर तीन आम्लांमागे साखळ्यांना जोडणारे दोन हायड्रोजन बंध होते. क्रिक-रिच यांचे म्हणणे असे की, दोन बंध जुळवायला काही अणू एकमेकांच्या इतके जवळ आणावे लागतात की निसर्गात तसे घडणार नाही. बंध एकच असला पाहिजे.

या वादात कोण जिंकले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. बंधांच्या संख्येबाबत केंब्रिजची बाजू खरी ठरली. 1994 साली अमेरिकेत कोलॅजनसारख्या एका कृत्रिम पेप्टाइडचा स्फटिक तपासला गेला, तेव्हा थेट बंध एकच दिसला. दुसऱ्या जागी साखळ्यांना जोडणारे पाण्याचे रेणू होते. पाणी हा दुवा असू शकेल, हे रामचंद्रन यांनी सहकारी चंद्रशेखरन यांच्यासह 1968 सालीच मांडले होते. तीन साखळ्या, त्यांचे एकमेकींभोवतीचे वळण आणि दर तिसऱ्या जागी आत वळलेले ग्लायसिन हा गाभा मात्र 1955 पासून आजवर तसाच टिकला आहे. तो मद्रासचा आहे.

रामचंद्रन यांनी टीका मनाला लावून घेतली ती शास्त्रज्ञाच्या रीतीने. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हा प्रश्न त्यांनी मुळापासून धरला. तोवर सुटलेल्या स्फटिकरचनांतली अंतरे गोळा केली, प्रत्येक जोडीसाठी किमान मर्यादा ठरवली आणि मग विचारले की या मर्यादा पाळल्या तर प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह 1963 साली हे काम प्रसिद्ध झाले. दोन कोनांचा तो छोटासा आलेख आज जगभर ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून ओळखला जातो. कोणत्याही नव्या प्रथिनाची रचना मांडली की ती या आलेखावर तपासली जाते. कांगारूच्या कंडरेपासून निघालेला वाद साऱ्या प्रथिनशास्त्राची कसोटी देऊन गेला.

आता मद्रासमध्ये कोलॅजनचे काम चालू होते त्याच वर्षांत दुसरीकडे काय चालले होते ते पाहू. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात व्हिक्टर मॅक्युसिक हे हृदयरोगतज्ज्ञ उंच, सडपातळ, लांबसडक बोटांचे रुग्ण तपासत होते. या माणसांच्या डोळ्यातले भिंग जागेवरून सरकते आणि हृदयातून निघणारी महाधमनी फुगत जाऊन फाटते. 1896 साली पॅरिसमध्ये आंत्वान मार्फान यांनी एका पाच वर्षांच्या मुलीत यातली काही लक्षणे नोंदवली होती, म्हणून त्याला मार्फान सिंड्रोम म्हणतात. बोटे, डोळा आणि धमनी या तीन अवयवांचा संबंध काय? मॅक्युसिक म्हणाले, या तिन्हींत समान असलेली, अवयवांना बांधून धरणारी संयोजी ऊती बिघडली आहे आणि बिघाड एकाच जनुकातून आलेला आहे. मार्फान, सांधे ढिले करणारा एहलर्स-डॅनलोस आणि ठिसूळ हाडांचा आजार यांची एकत्र मांडणी करणारे त्यांचे पुस्तक 1956 साली निघाले. मद्रासची तिहेरी रचना आणि आनुवंशिक संयोजी ऊती-रोगांची ही मांडणी यांत एका वर्षाचे अंतर आहे. एकाकडे रेणू होता, दुसऱ्याकडे रुग्ण. दोन्ही वाटा एकत्र यायला पुढची तीस वर्षे लागली.

त्या वाटेवरचे टप्पे असे. 1969 साली कूर्चेतले कोलॅजन हाडातल्यापेक्षा वेगळे आहे हे एडवर्ड मिलर आणि मटुकस यांनी दाखवले. 1972 साली अमेरिकेत दोन बहिणींमध्ये कोलॅजनचा रासायनिक दोष सापडला. त्यांचे सांधे सैल होते आणि पाठीचा कणा वाकडा झाला होता. 1975 साली एहलर्स-डॅनलोसच्या ज्या प्रकारात रक्तवाहिन्या फाटतात, त्या रुग्णांत तिसऱ्या प्रकारचे कोलॅजनच कमी असल्याचे दिसले. मार्फानचे कारण मात्र 1991 साली फिब्रिलिन या वेगळ्याच प्रथिनाच्या जनुकात मिळाले.

आणि 1986 साली मद्रासच्या नियमाची खरी परीक्षा झाली. जन्मताच अनेक हाडे मोडलेल्या आणि जगू न शकलेल्या एका बाळाच्या कोलॅजनच्या जनुकात अमेरिकी संशोधकांना एक अक्षर बदललेले आढळले. त्या एका अक्षराने एका ग्लायसिनच्या जागी सिस्टिन हे आकाराने मोठे अमिनो आम्ल आणले होते. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनच्या एका साखळीत सर्पिल भागात 1014 अमिनो आम्ले असतात, त्यांत 338 ग्लायसिन. त्यांतले एक बदलले आणि बाळ जगले नाही. पुढे अशा शेकडो कुटुंबांत हेच दिसत गेले: ठिसूळ हाडांच्या गंभीर आजारात सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे ग्लायसिनची जागा दुसऱ्या कुणी घेणे. रामचंद्रन आणि कर्था यांनी ‘तिथे दुसरे काही मावत नाही’ असे जे भूमितीवरून सांगितले होते, ते रोगाने सिद्ध केले.

हा आजार आणखी एक गोष्ट शिकवतो. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. कोलॅजनच्या एका जनुकाची एक प्रत पूर्ण बंद पडली तर कोलॅजन निम्मे बनते, पण जे बनते ते निर्दोष असते. अशा मुलाची हाडे मोडतात, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, तरी आजार सौम्य राहतो. तीच प्रत बंद न पडता सदोष साखळी बनवू लागली तर आजार गंभीर होतो. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनमध्ये एका जातीच्या दोन साखळ्या आणि दुसऱ्या जातीची एक असते. ज्या जातीच्या दोन, तिच्यात दोष आला तर हिशोबाने दर चार रेणूंपैकी फक्त एक पूर्ण चांगला निघतो, उरलेल्या तिघांत किमान एक बिघडलेली साखळी गुंफली जाते. वाईट साखळी बनण्यापेक्षा साखळी न बनलेली बरी, हे या तिहेरी रचनेमुळेच.

सांध्यांचेही तसेच. कूर्चेतल्या दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनमध्ये दोष असला तर स्टिकलर सिंड्रोमसारखे आजार होतात: लहान वयात सांध्यांची झीज, जोडीला डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका, कारण डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातही तेच कोलॅजन असते. एहलर्स-डॅनलोसमध्ये अस्थिबंध ढिले पडतात, खांदा किंवा गुडघ्याची वाटी पुन्हा पुन्हा निखळते. 2017 च्या वर्गीकरणात या आजाराचे तेरा प्रकार आहेत. त्यांतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या, सांधे अति लवचिक असण्याच्या प्रकाराचे जनुक अजून निश्चित झालेले नाही.

उपचारही हळूहळू आले. 1998 साली कॅनडात फ्रान्सिस ग्लोरिओ यांनी ठिसूळ हाडांच्या मुलांना पॅमिड्रोनेट हे बिस्फॉस्फोनेट गटातले औषध शिरेतून देऊन हाडांची घनता वाढते आणि फ्रॅक्चर कमी होतात असे दाखवले. मार्फानच्या रुग्णांत महाधमनीवर वेळेत लक्ष ठेवले, औषधे दिली आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया केली तर आयुष्य कितीतरी वाढते.

रामचंद्रन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास सोडून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेणवीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला. 1971 साली लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरणांच्या छायांवरून आतली प्रतिमा पुन्हा बांधण्याची जी गणिती पद्धत मांडली, ती सीटी स्कॅनच्या पायाभूत कामांत गणली जाते. गोपीनाथ कर्था अमेरिकेत गेले आणि 1967 साली रायबोन्यूक्लिएज या एन्झाइमची रचना सोडवणाऱ्यांत त्यांचा वाटा राहिला. रामचंद्रन 1977 साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले, 1999 साली त्यांना आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचा एवाल्ड पुरस्कार मिळाला. शेवटची वर्षे कंपवाताने ग्रासलेली होती. 7 एप्रिल 2001 रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला नाही. त्या पुरस्काराच्या योग्यतेचे काम त्यांनी एकदा नव्हे, दोनदा केले होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या इतिहासाचे देणे आपल्याकडे अजून बाकी आहे. आपल्या घरांत ठिसूळ हाडांच्या आजाराने वारंवार हाड मोडणाऱ्या मुलाच्या आईला आजही दोष दिला जातो: नीट सांभाळले नाही, गरोदरपणात काही खाल्ले नाही, नजर लागली. यातले काहीही खरे नाही. बहुतेक वेळा एका जनुकातला बदल कारण असतो आणि तो आई-वडिलांपैकी कुणातही नसून बाळातच नव्याने घडलेला असू शकतो. काही दुर्मिळ प्रकार मात्र दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आल्यावर होतात. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी, तमिळनाडूत मामाशीही लग्न करण्याची चाल असलेल्या कुटुंबांत हा धोका वाढतो, म्हणून अशा घरांनी लग्नाआधी आणि गर्भधारणेआधी जनुकीय सल्ला घ्यावा. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली देशात उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली, त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. मुलाचे हाड किरकोळ धक्क्याने मोडत असेल, त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असेल, सांधे पुन्हा पुन्हा निखळत असतील, किंवा घरात उंच, सडपातळ माणसांचे तरुण वयात अचानक मृत्यू झाले असतील, तर अंगारे-धुपारे आणि दोषारोप बाजूला ठेवा आणि त्या मुलाला वेळेत जनुकीय तपासणीला न्या.